गोबरगॅसच्या तळाचा गाळ

वर्ध्याला माणसं ज्या ज्या कारणांनी जातात, त्यातल्या एकाही कारणासाठी मी गेले नव्हते. आश्रम पाहायचा नव्हता, कुणाचं लग्न नव्हतं, आणि कापसाशी माझा संबंध अंगातल्या कपड्यांपुरता. मी गेले होते शेणाचा गाळ आणायला. पाच दिवसांत परत येते असं घरी सांगितलं होतं, आले सात दिवसांनी. त्यानंतर कितीतरी दिवस कुणी "कसा झाला प्रवास?" विचारलं की मी विषय बदलत असे. आता त्या दिवसांबद्दल बोलता येतं, म्हणून लिहिते.

दोन हजार चार सालचा फेब्रुवारी होता. मी पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत पीएच.डी. करत होते. माझा विषय सोप्या शब्दांत असा: गोबरगॅसच्या खड्ड्यात जळणारा वायू तयार करतात ते आर्किया नावाचे सूक्ष्म जीव. दिसायला जिवाणूंसारखे, नात्यानं त्यांच्यापासून फार दूरचे. हवेतला ऑक्सिजन लागला की मरतात. त्यांच्यातल्या काही जातींच्या अंगाभोवती एक भिंत असते. ती जिवाणूंच्या भिंतीसारखी वाटते, पण तिच्यातली साखर वेगळी आणि जोडणीही वेगळी. म्हणूनच पेनिसिलीन जिवाणूला भिंत बांधू देत नाही, पण या भिंतीचं काही वाकडं करू शकत नाही. ही भिंत रचायला एन्झाइमं लागतात. एक एन्झाइम साखळीला एक दुवा जोडतं, दुसरं त्याच्या पुढचा. जिवाणूंच्या अशा एन्झाइमांचा आकार लोकांनी शोधून काढला होता. आर्कियांच्या एन्झाइमाचा आकार कसा असतो, तो दुवा कुठल्या खोबणीत धरतो, हे आमच्या माहितीत कुणालाच ठाऊक नव्हतं. मला ते बघायचं होतं.

पण दिवाळीच्या सुट्टीत हे जीव वाढवायच्या आमच्या बाटल्यांच्या रबरी बुचांतून हवा शिरली आणि तीन वर्षं जपलेलं माझं वाण मेलं. त्या एन्झाइमाचं जनुक एका जिवाणूत घालून प्रथिन बनवायचा प्रयत्न केला, तर ते नासक्या दुधासारखं फाटून खाली बसे. सर म्हणाले, "वर्षानुवर्षं बंद न पडलेला गोबरगॅस शोध आणि तळाचा गाळ आण. तिथं दाट सापडतील." वर्धा जिल्ह्यात असे जुने गोबरगॅस पुष्कळ, आणि ते बांधणारे एक मिस्त्री सरांच्या ओळखीत. एवढ्या आधारावर मी निघाले.

मी मुळात भित्री. एकटीनं इतक्या लांब कधी गेले नव्हते. पण त्या वेळी मला भीती होती ती बाटल्या फुटण्याची.

वर्धा

पुंडलिक मिस्त्री स्टेशनवर घ्यायला आले होते. साठीचे, उंच, वाळके, डोक्यावर टोपी आणि हातात कापडी पिशवी. मूळचे आष्टीचे. ऐन उमेदीची सगळी वर्षं त्यांनी गावोगाव गोबरगॅस बांधण्यात घालवली होती. पहिल्यांदा त्यांनी माझी बाटल्यांची पेटी उघडून पाहिली.

"मॅडम, याच्यात त काईच नाई दिसून राह्यलं."

"हवासुद्धा नाही काका. हवा काढून नायट्रोजन भरलाय."

"हवा नाई?" त्यांनी पेटीचं झाकण पटकन लावलं. "मंग हे त आमच्या खड्ड्यासारखंच झालं."

स्टेशनबाहेर आम्ही तर्री पोहे खाल्ले. पोह्यांवर हरभऱ्याचा लालभडक रस्सा ओततात, आणि पुण्याच्या माणसाला पहिल्या घासालाच घाम फुटतो. मी डोळे पुसत होते, मिस्त्री शांतपणे खात होते. खाऊन झाल्यावर हात धुता धुता ते म्हणाले, "एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो. खड्ड्यात कोनी उतराचं नाई. तुमी नाई, मी नाई, घरवाला बी नाई. बाहेरून जेवढं भेटन तेवढं घेजा."

मी मान डोलावली. पुस्तकात वाचलेलं होतंच.

"तुमी वाचलं असन," ते म्हणाले, जणू त्यांना ऐकू आलं. "म्या पाह्यलं हाय. माह्यासोबत सदाशिव म्हनून मिस्त्री होता. रिकाम्या खड्ड्यात उतरला गाळ काढाले, अन् बसल्यासारखा खाली बसला. त्याले काढाले त्याचा साळा उतरला. थो बी बसला. तिसरा मी होतो काठावर." त्यांनी रुमालानं हात पुसले. "मी नाई उतरलो. दोघं बी गेले. लोकाईनं मले लय दिवस भेकड म्हनलं."

रिक्षावाला "बसा ना मॅडम" म्हणत होता. आम्ही बसस्टँडकडे निघालो.

आष्टी

आष्टीला त्या दिवशी बाजार होता. बसस्टँडपासून मिस्त्रींच्या घरापर्यंत मिरच्यांचे ढीग, वांगी, बोरं आणि त्यातून वाट काढणाऱ्या सायकली. मिस्त्रींच्या घरी गोळाभात होता. भातात हरभऱ्याच्या भरड्याचे गोळे आणि वरून हिंग-मोहरीची कढत फोडणी. आमच्याकडे तूप चमच्यानं मोजून वाढतात. इथं मिस्त्रींच्या बायकोनं, सगळे त्यांना माई म्हणत, पळीच्या पळी तेल ओतलं आणि मी "पुरे, पुरे" म्हणेपर्यंत दुसरी पळी ओतून झाली होती. इथं "नको" हा शब्द कुणी खरा मानत नाही, हे मला तेव्हा कळलं. त्याची मोठी गंमत वाटली होती.

आष्टीतले दोन गोबरगॅस पाहिले. पहिला सिलिंडर आल्यापासून बंदच होता, खड्ड्यात तुरीच्या काड्या भरलेल्या. दुसरा चालू होता, पण त्याच्या बाहेर पडणाऱ्या शेणाच्या पातळ रबडीत फारसा दम नव्हता. तिथं मी पहिल्यांदा खड्ड्याच्या काठाशी उभी राहिले. आत काळं, जाड पाणी होतं. ते मधूनच फुगत होतं, फुटत होतं, आणि प्रत्येक वेळी सडक्या अंड्याचा वास येत होता.

"वास येते तोवर बरं हाय," मिस्त्री म्हणाले. "वास येनं बंद झालं की समजाचं, नाक मेलं. मंग थांबाचं नाई."

हेही मी वाचलं होतं. हा सडक्या अंड्याच्या वासाचा वायू जास्त झाला की आधी वास घेण्याची शक्ती मारतो. पण त्या काठावर उभं राहून ते ऐकणं वेगळं होतं. मी सारखी नाकानं हुंगत राहिले, वास अजून येतो ना म्हणून.

परतीच्या वाटेवर त्यांनी विचारलं, मी नेमकं शोधते काय. मी भिंतीचं सांगितलं, एन्झाइमचं सांगितलं. ते ऐकत ऐकत चालले होते.

"म्हंजे थो बी मिस्त्रीच," ते म्हणाले. "अन् त्याचे हात कसे हायेत, हे तुमाले पाहाचं हाय."

इतकं नेमकं मला माझ्या सेमिनारमध्येही सांगता आलं नव्हतं.

"मंग एकच खड्डा हाय तुमच्या कामाचा," ते म्हणाले. "गिरडच्या तिकडे. म्याच बांधला. वीस वर्सं झाले, एक दिवस नाई थांबला. आता टाकी गंजली म्हनून काढून राह्यले."

गिरडच्या पायथ्याशी

गिरडच्या टेकडीवरचा दर्गा लांबून दिसतो. टेकडीच्या आसपास जमिनीत गोल, सुपारीएवढे, नारळाएवढे दगड सापडतात. एका व्यापाऱ्याचा माल दर्ग्यातल्या बाबांच्या शब्दानं दगड झाला, असं लोक सांगतात. बसमधल्या एका बाईनं पदराच्या गाठीतून तसला एक दगड काढून मला दाखवला आणि परत गाठ मारली.

आम्हाला जायचं होतं ते गाव तिथून चार किलोमीटरवर. घर सुधाकरभाऊंचं. चाळिशीचे, रुंद खांद्यांचे, सतत हसणारे. सोबत बायको वंदना आणि धाकटा भाऊ दिलीप. गोठ्यात सहा जनावरं. मागच्या अंगणात तो खड्डा: बारा हात घेराची, दोन पुरुष खोल, विटांनी बांधलेली विहीरच. वर उलटी ठेवलेली लोखंडी टाकी आदल्या दिवशी आठ माणसांनी बांबू लावून बाजूला काढली होती. रबडी उपसून झाली होती. तळाशी मांडीएवढा गाळ उरला होता, त्याच्यावर सुकलेली साय. विहिरीच्या कडेला एक शिडी आत सोडून ठेवलेली होती. मिस्त्रींनी ती पाहिली आणि त्यांचा चेहरा बदलला.

"शिडी कोनं टाकली?"

"राहू द्या ना मिस्त्रीबोवा, टाकी काढतानी लावलती," सुधाकरभाऊ म्हणाले.

"काढा थे."

"काढतो ना."

पण आधी चहा झाला, मग जेवण, आणि शिडी तिथंच राहिली.

जेवताना वंदनानं मला खूप प्रश्न विचारले. ती बारावीपर्यंत शिकलेली होती आणि तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. "भिंत नसन त त्या जिवाचं का होईन?" फुटून जाईल, मी म्हटलं. "मंग थे एन्झाइम तुमी दुर्बिनीतून पाह्यता का?" नाही, त्याहून फार बारीक असतं. त्याचे मिठासारखे खडे करायचे, त्या खड्यांवर क्ष-किरण सोडायचे, फिल्मवर ठिपके उमटतात, त्या ठिपक्यांवरून गणित करून आकार काढायचा. "अन् उपयोग का त्याचा?" मी खरं सांगितलं, की अजून माहीत नाही.

"काई हरकत नाई," सुधाकरभाऊ म्हणाले. "आमच्या खड्ड्यातलं कोनीतरी पुन्याले चाललं, हे का कमी हाय?" सगळे हसले. मीही.

गाळ काढायला माझ्याकडे स्टीलचा एक डबा होता. वजन बांधलेला, दोन दोऱ्यांचा. एका दोरीनं तो तळाशी सोडायचा, दुसरी ओढली की झाकण उघडायचं, सोडली की बंद व्हायचं. म्हणजे तळाचा गाळ हवा न लागता वर येतो. आधी मिस्त्री म्हणाले, "थांबा. मी समोरून कोंबडी घेऊन येतो. टोपल्यात घालून खाली सोडली की कळते, हवा कशी हाय. मी येईस्तोवर कोनी काठावर बी वाकाचं नाई." आणि ते समोरच्या घरी गेले.

मी तेवढ्यात डबा सोडून पाहिला. काठापासून लांब उभी राहून, दोरी लांब धरून. मला वाटलं, यात काय धोका आहे. डबा सायीवर जाऊन बसला. हलवला, उचलला, पुन्हा सोडला. एकदा साय फोडून आत गेला आणि तिथंच रुतला.

"अडकला का?" सुधाकरभाऊ म्हणाले.

"हो. आणि हा वरचाच थर आहे. अजून जरा खालचं हवं होतं."

हे मीच बोलले. त्यांना उतरा म्हणून नाही, आपल्याशीच पुटपुटावं तसं बोलले. पण बोलले.

"दोन मिन्टाचं काम हाय," ते म्हणाले आणि त्यांनी शिडीवर पाय ठेवला.

"नको हं, सुधाकरभाऊ," मी म्हटलं.

ते ज्या आवाजात म्हटलं, तो आवाज मला आजही ऐकू येतो. आदल्या दिवशी माईंच्या तेलाच्या पळीला "पुरे" म्हटलं होतं, अगदी तसा. त्यांनी तो तसाच ऐकला आणि खाली गेले.

ते गाळात उभे राहिले, गुडघ्याच्या वरपर्यंत. पायानं साय ढकलली, डबा मोकळा केला, दोन्ही हातांनी खोल दाबला. "आता तळाले लागला. झाकन वढा." मी दुसरी दोरी ओढली, सोडली. "वढा मॅडम, वर घ्या." मी ओढू लागले. डबा जड झाला होता. मला इतका आनंद झाला होता की मी डब्याकडे बघत होते. त्यांच्याकडे नाही.

"लय गरम हाय बाप्पा इथं..." एवढं ऐकू आलं. मग काही नाही.

डबा काठावर ठेवून मी आत पाहिलं. ते भिंतीला टेकून बसले होते. दमलेला माणूस बसतो तसे. गाळ छातीपर्यंत आला होता आणि मान हळूहळू पुढं झुकत होती.

माझ्या तोंडून कसला आवाज निघाला ते आठवत नाही. वंदना स्वयंपाकघरातून धावत आली. दिलीप गोठ्यातून आला, एका नजरेत त्याला कळलं, त्यानं चपला भिरकावल्या आणि तो शिडीकडे झेपावला. मी त्याच्या पायांना मिठी मारली. दोघंही पडलो.

"सोडा मले! माहा भाऊ हाय थो!"

"तू गेलास तर तूही मरशील! दिलीप, ऐक, तिथं हवा नाही!"

त्यानं मला लाथ मारली, खांद्यावर. मी सोडलं नाही. वंदना शिडीच्या टोकाशी पोहोचली होती आणि मला तिसरा हात नव्हता. मी नुसती ओरडत होते, "वंदना, नको, नको," आणि आता माझा आवाज तसा होता जसा मघाशी असायला हवा होता.

मिस्त्री काखेत कोंबडी घेऊन फाटकातून आत आले. कोंबडी फडफडत सुटली. त्यांनी वंदनाला दंडाला धरून मागं खेचलं आणि शिडी ओढून बाहेर फेकली.

"दिल्या! एक पाय टाकशीन त आधी तुहाच मुडदा पाडीन! विहिरीचा गळ आन. पळ!"

विहिरीत पडलेली बादली काढायला लोखंडी आकड्यांचा गळ असतो. दिलीपनं तो आणला. मिस्त्रींनी मला सांगितलं, "पालथ्या पडा. श्वास बाहेर घ्याचा, मंग आत पाहाचं." मी काठावर पालथी पडले, तोंड बाजूला करून श्वास घ्यायचा, रोखायचा, मग आत बघायचं. पहिल्या वेळी गळ सुधाकरभाऊंच्या शर्टात अडकला आणि शर्ट फाटला. तोवर त्यांची हनुवटी गाळाला लागली होती. दुसऱ्या वेळी गळ गाळाखाली पट्ट्यात जाऊन बसला, पण पट्टा धरून डोकं वर राहीना. तिसऱ्या वेळी गळाचा एक आकडा खांद्यामागे शर्टाच्या कॉलरमध्ये गुंतला. मी दोरी ओढून धरली. चेहरा गाळाच्या वर राहिला. चार बोटं वर, जास्त नाही. ती दोरी माझ्या हातात होती. दिलीप माझ्या कमरेवर बसला होता, मी घसरू नये म्हणून. त्यांचं नाक गाळाबाहेर आहे की नाही, एवढंच मी बघत होते. वास येत नव्हता. मला तेव्हा कळलं की वास येत नव्हता, आणि मी मान बाहेर काढून उलटी केली, पण दोरी सोडली नाही.

शेजारची माणसं जमली. मिस्त्रींनी उफणणीचा पंखा आणवला, धान्य वारवायचा, हातानं फिरवायचा. त्याच्यासमोर ताडपत्रीची गुंडाळी करून नळीसारखी आत सोडली. दोन जण पंखा फिरवू लागले. किती वेळ फिरवला ते सांगता येणार नाही. घड्याळ माझ्या मनगटावर, डोळ्यांसमोर होतं आणि मला त्यातलं काही कळत नव्हतं.

मग मिस्त्रींनी टोपी काढून वंदनाच्या हातात दिली आणि स्वतःच्या छातीला दोर बांधू लागले.

"काका, तुम्ही नका," मी म्हटलं.

"मले गाठ मारता येते. याईले नाई येत." दोर धरलेल्या माणसांकडे वळून ते म्हणाले, "मी 'वढा' म्हनलं की वढजा. मी काई बोललो नाई, त बी वढजा."

एक मोठा श्वास घेऊन ते उतरले. खाली त्यांनी तोंड उघडलं नाही. सुधाकरभाऊंच्या काखेखालून दोर घालून गाठ मारली आणि हात वर केला. सहा जणांनी ओढलं. अर्ध्यावर गाठ सरकली आणि अंग एका बाजूला कललं. बायका किंचाळल्या. मग ते वर आले. त्यांच्या पाठोपाठ मिस्त्रींना ओढलं. ते खोकत जमिनीवर पडले. डोळे लालबुंद झाले होते आणि बराच वेळ त्यांना नीट दिसत नव्हतं.

सुधाकरभाऊंचे ओठ निळे होते. श्वास नव्हता. मी प्रयोगशाळेच्या सुरक्षा शिबिरात एका रबरी बाहुल्याच्या तोंडात श्वास भरला होता, एकदाच. इथं तोंडावर शेण होतं, सभोवती पन्नास माणसं होती आणि शेजारी त्यांची बायको. एक क्षण मी थांबले. तो एक क्षण मी कुणालाच सांगितलेला नाही. मग पदरानं त्यांचं तोंड पुसलं, नाक दाबलं आणि फुंकलं. कुणीतरी म्हणालं, "हे का करून राह्यली?" वंदना ओरडली, "करू द्या तिले!"

छाती वर येत होती आणि खाली जात होती, पण ती माझ्या श्वासानं. कितव्यांदा ते माहीत नाही, पण एकदा ती आपली आपण वर आली.

दवाखाना

जीपमधून वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. रस्त्याचं मला काही आठवत नाही. त्यांना ऑक्सिजन लावला, अतिदक्षता विभागात ठेवलं. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं सावरतील, पण मेंदूला हवा किती वेळ मिळाली नाही ते शुद्धीवर आल्याशिवाय कळणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वंदना बाहेरच्या बाकावर माझ्याशेजारी येऊन बसली. रात्रभर रडून तिचे डोळे सुजले होते.

"बाई, एक खरं सांगा. तुमीनं त्याईले उतराले सांगतलं का?"

नाही म्हणता आलं असतं. ते खोटंही ठरलं नसतं.

"उतरा म्हटलं नाही. पण अजून खालचं हवं होतं, असं म्हणाले."

ती समोरच्या भिंतीकडे बघत राहिली.

"मंग थे तुमच्यासाठीच उतरले."

"हो," मी म्हटलं.

ती उठून गेली नाही. माझ्याशी बोललीही नाही. आम्ही तशाच बसून राहिलो. दुपारी दिलीप गावाहून कपडे घेऊन आला आणि सोबत माझी पेटी आणि तो स्टीलचा डबा. "हे तुमचं राह्यलं होतं." डब्याचं झाकण घट्ट लागलेलं होतं. मला त्याला हात लावायची भीती वाटली.

वंदना पहिल्यांदा बोलली. "घेऊन जा थे. इथं ठेवू नका. मले दिसाले नाई पायजे."

मी डबा लॉजवर नेऊन ठेवला आणि परत येऊन त्याच बाकावर बसले. निघून जावं की थांबावं, कळत नव्हतं. मिस्त्री डोळ्यांत औषध घालून माझ्या दुसऱ्या बाजूला बसले. म्हणाले, "तुमी दिल्याचे पाय धरले. नाई त दोन जनं बसले असते खाली." शिडी का राहिली, डबा का सोडला, हे सगळं त्यांनाही माहीत होतं.

चौथ्या दिवशी सकाळी सुधाकरभाऊंनी डोळे उघडले. वंदनाला ओळखलं. दिलीपला "बैलाले पानी पाजलं का?" विचारलं. डॉक्टर बाहेर आले तेव्हा वंदनानं भिंतीला डोकं टेकलं आणि ती ढसाढसा रडली. मी जिन्यात जाऊन रडले, तिला दिसू नये म्हणून. त्याच संध्याकाळच्या गाडीनं निघाले. तिचा निरोप घ्यायचं धैर्य मला झालं नाही.

पुन्हा

डब्याच्या मधल्या, हवा न लागलेल्या गाळातून मला हवं ते वाण मिळालं. ते वाढलं, त्यातून एन्झाइम शुद्ध झालं, आणि सात महिन्यांनी एका थेंबात सुयांसारखे बारीक खडे दिसले. सगळे टाळ्या वाजवत होते. क्ष-किरणांत मात्र त्या खड्यांनी फार पुसट ठिपके दिले. एन्झाइमची एक ढोबळ घडी कळली. दुवा धरणारी खोबण नेमकी कशी आहे ते नाही.

वर्षभरानं मी पुन्हा गिरडला गेले. कुणी बोलावलं नव्हतं. दारात सुधाकरभाऊ होते. थोडे वाळलेले, उजव्या हाताची बोटं अजून नीट वळत नाहीत. त्यांना तो दिवस अजिबात आठवत नाही. जेवणापर्यंतचं आठवतं, पुढं थेट दवाखान्याचं छत. लोकांकडून ऐकून ऐकून त्यांनी त्याची एक गोष्ट तयार केली आहे आणि ती ते हसत सांगतात. त्यात कोंबडीचं काम मोठं आहे.

"मंग, दिसले का तुमच्या मिस्त्रीचे हात?" त्यांनी विचारलं. पुंडलिक मिस्त्रींनी त्यांना ते सांगितलं होतं.

"अर्धवट दिसले. खडे अजून चांगले यायला हवेत."

"म्हंजे अजून गाळ लागन का?"

"नाही!" मी इतक्या जोरात ओरडले की गोठ्यातल्या गाईनं मान वर केली. "नाही. आहे तेवढा पुरेल."

ते हसले. "चला, नवी टाकी दाखवतो. आता जाळी बी बसवली वर." आणि ते मागच्या अंगणाकडे निघाले. मीही निघाले, पण मागच्या दारापर्यंत जाऊन पाय थांबले. खड्डा दिसत होता, वर हिरवा रंग दिलेली नवी टाकी, काठाशी वाकलेले सुधाकरभाऊ. मला पुढं जाता येईना.

वंदना स्वयंपाकघरातून आली. वर्षभरात ती माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. ती माझ्याशेजारी दारात उभी राहिली आणि तीही पुढं गेली नाही.

"थे रोज जाते तिथं," ती म्हणाली. "शेन टाकाले. म्या अजून त्या काठावर पाय नाई ठेवला."

पलीकडून सुधाकरभाऊंनी हाक मारली, "या ना मॅडम, काऊन थांबल्या?"

ते काठावरून मागं सरेपर्यंत वंदनानं माझं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं.